हायब्रिड गाडीतली ऊब : बंब विझला की पाणी निवतं

प्रश्न : मेस्त्री काका, नमस्कार. आम्ही खानापूरजवळच्या एका गावात राहतो. माझ्या आईचं वय ७८. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी बेळगावला न्यावं लागतं. पाळी सकाळी सातची, म्हणून पावणेसहाला घर सोडतो. दिवाळीला जुनी पेट्रोल गाडी देऊन स्ट्राँग हायब्रिड घेतली. गाडी बेस आहे, आवाज नाही, हिसके नाहीत, आईची कंबर दुखत नाही. पण आत ऊबच येत नाही. हीटर शेवटच्या टोकाला, पंखा फुल्ल, तरी गणेबैलचा टोलनाका येईपर्यंत गार वारा. मग जरा गरम होतं, आणि बेळगावात शिरलो की पुन्हा कोमट. शोरूममध्ये दोनदा दाखवली, 'नॉर्मल आहे' म्हणून परत दिली. भाऊ म्हणतो बॅटरी खराब असणार. आमचे हे म्हणतात, हीटर लावला की अ‍ॅव्हरेज पडतो, आईंना शाल दे. आईला आधीच थंडी फार वाजते. काय करू? (एक वाचक भगिनी, खानापूर तालुका)

उत्तर : ताई, बॅटरी खराब नाही. शोरूमवाल्यांनी खोटंही सांगितलेलं नाही, पण त्यांनी तुम्हाला बसवून समजावून सांगायला हवं होतं, ते केलं नाही. तेवढ्यापायी आई इतके दिवस कुडकुडत येते-जाते आहे, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या न्हाणीत तांब्याचा बंब असेल, निदान लहानपणी पाहिला असेल. गाडीचा हीटर म्हणजे तोच बंब. इंजिन चालतं तेव्हा तापतं. ते फार तापू नये म्हणून त्याच्या अंगातून कूलंट फिरतं. आम्ही गॅरेजवाले अजून त्याला पाणीच म्हणतो. हे तापलेलं पाणी डॅशबोर्डच्या मागे वहीएवढ्या एका लहान रेडिएटरमधून जातं आणि पंखा त्यावरून वारा ढकलतो. बस्स. इंजिन हा जाळ, कूलंट हे बंबातलं पाणी. ऊब करणारं वेगळं यंत्र आत कुठेच नाही. माझ्याकडे कामाला एक मुलगा आहे, सौंदत्तीकडचा, कन्नड बोलणारा. हीटरची तक्रार घेऊन गाडी आली की तो आधी पाइपला हात लावतो आणि ओरडतो, "नीरु बिसि आगिल्ल!" पाणी तापलेलं नाही. दहातल्या सात गाड्यांचं निदान त्या एका वाक्यात होतं.

आता तुमच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि एकट्याने गाडी ओढू शकणारी विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, काय होतं? जाळ सारखा ओढून घेतला जातो. उतार आला, इंजिन बंद. गावातून हळू निघालात, इंजिन बंद. सिग्नलला तर बंदच. गाडी मोटरवर चालते आणि पेट्रोल वाचतं, त्यासाठीच तर ती घेतलीत. पण बंब विझला की पाणी निवतं. तुमचा बेळगावात शिरल्यावरचा 'पुन्हा कोमट' म्हणजे हेच. पिरनवाडी ओलांडून उद्यमबागेच्या गर्दीत लागलात की इंजिन निम्मा वेळ झोपलेलं असतं.

दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. पेटलेला जाळसुद्धा या गाडीत कमी धग सोडतो. साध्या पेट्रोल इंजिनात पेट्रोलच्या ताकदीचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, बाकी उष्णता होऊन जाते. हायब्रिडमधली अ‍ॅटकिन्सन नावाच्या काटकसरी पद्धतीची इंजिनं चाळीस टक्क्यांपर्यंत पोचली आहेत. इंजिन जेवढं काटकसरी, तेवढी आपल्या पायाशी येणारी ऊब उशिरा.

भावाला बॅटरीचा संशय का आला तेही कळतं. एप्रिलात सिग्नलला इंजिन बंद असताना एसी गार वारा देतच असतो, मग डिसेंबरात हीटर का नाही? कारण स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. थंडी विजेवर आणि ऊब इंजिनावर, असा हा संसार आहे. बॅटरीवर ऊब करायची म्हटलं तरी ती पुरणार नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या दीड लिटरच्या हायब्रिड एसयूव्हींची मोठी बॅटरी पाऊण युनिटच्या आसपासची असते. घरातला दोन किलोवॅटचा गीझर त्यावर वीस-बावीस मिनिटं चालेल आणि गाडीचा जीव जाईल. थंड मुलुखात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत त्यासाठी वेगळ्या युक्त्या केल्या. टोयोटाची प्रियस १९९७ साली जपानात आली. पुढे तिच्या दुसऱ्या पिढीत अमेरिकेतल्या गाड्यांना चक्क थर्मास बसवला होता. गरम कूलंट त्यात साठवून सकाळी इंजिनात सोडायचे. त्यानंतरच्या पिढीत सायलेन्सरमधून जाणाऱ्या धुराची उष्णता कूलंटला देऊ लागले. आपल्या हवेसाठी कंपन्या सहसा असला खर्च करत नाहीत. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवरचं आपलं बेळगाव पहाटे किती गारठतं, ते इथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

आता पहाटेचं काम सांगतो.

गाडी शेडमधून बाहेर अंगणात घ्या. आईचा चहा व्हायचा असेल तेव्हाच गाडी 'रेडी'वर, म्हणजे बटण दाबून चालायला तयार, आणून ठेवा. मोड 'इको' नको, 'नॉर्मल' ठेवा. इकोमध्ये बऱ्याच गाड्या हीटर आणि पंखा दोन्हीचा हात आखडतात. तापमान २४ आणि 'ऑटो'. गार इंजिन आपणहून सुरू होईल, पाच मिनिटं चालू द्या.

आणि पंखा फुल्ल करू नका, ताई. इथेच तुमची चूक होते आहे. बंबाला नुकता जाळ घातलाय आणि आपण तोटी सोडून बादल्या भरायला बसलो, तर पाणी कधी तापणार? पंखा पूर्ण सोडला की पाण्यात आलेली थोडीशी ऊब तो ओरबाडून घेतो आणि वारा गार तो गारच लागतो. मीटरवर निळ्या रंगाचा थर्मामीटरचा दिवा असेल, तो जाईपर्यंत पंखा एकवर. तो गेला की दोन-तीन. 'ऑटो'ला ठेवलंत तर बहुतेक गाड्या हे आपणहून करतात.

वारा पायाशी सोडा, तोंडावर नको. गरम हवा आपण होऊन वर चढते. पहिली दहा-पंधरा मिनिटं आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. बाहेरची बारा-तेरा अंशांची हवा पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा आतली तापवणं सोपं. काचेवर वाफ धरली तर मात्र लगेच बाहेरची हवा घ्या. पहिले दोन-तीन किलोमीटर 'ईव्ही'च्या, म्हणजे नुसत्या बॅटरीवर चालवायच्या, बटणाला हात लावू नका. शहरात शिरल्यावर वारा कोमट झालासं वाटलं की तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा, किंवा थोडा वेळ टोकालाच न्या. गाडीला ऊब हवी आहे हे कळतं आणि पाणी निवायला लागलं की ती इंजिन पुन्हा पेटवते.

परतताना अकरा-बारा वाजतात. गाडी झाडाखाली न लावता उन्हात लावा, पुढची काच सूर्याकडे. डायलिसिसनंतर बाहेर आलेल्या माणसाला ते तापलेलं सीट म्हणजे काय असतं, ते आईच सांगतील.

तुमच्या यजमानांनाही दोन शब्द. पाच मिनिटं इंजिन चालवायला शंभर मिलीच्या आतच पेट्रोल लागतं, म्हणजे दहा रुपयांच्या आसपास. एका कटिंग चहाचा खर्च. दिवसभराचा अ‍ॅव्हरेज थोडा खाली येईल, येऊ दे. आई गाडीत असताना मीटरवरचा आकडा बघायचा नाही.

बाजारात सिगारेट लायटरच्या जागी लावायचे हीटर मिळतात, ते घेऊ नका. त्या सॉकेटला बहुधा दहा अँपियरचा फ्यूज असतो, म्हणजे १२ व्होल्टवर १२० वॅट. एवढ्यात गाडी काय तापणार? गाडीचा स्वतःचा हीटर पाणी तापल्यावर त्याच्या तीसेक पट काम करतो. सीटवर घालायची गरम होणारी गादी बरी, पण आईंना मधुमेह असेल आणि पायाला स्पर्श कमी कळत असेल तर तिच्यानेही भाजतं आणि कळत नाही. त्यापेक्षा रबरी पिशवीत कोमट पाणी, वरून टॉवेल, आणि ती पिशवी मांडीवर.

मी हे एवढं लिहितोय त्याला कारण आहे. १९९१ च्या मार्गशीर्षात माझ्या वडिलांना मिरजेला न्यायचं होतं. शेजारच्यांची अँबॅसिडर मिळाली. हीटर कुठला त्या गाडीला! मी तेव्हा गॅरेजात नवा होतो, पण एवढं शिकलो होतो की पुढच्या पत्र्यातून इंजिनाची धग डाव्या माणसाच्या पायाशी येते. उन्हाळ्यात लोक त्या जागेला शिव्या घालायचे. मी वडिलांना मागे न निजवता तिथे बसवलं, मांडीवर घोंगडं टाकलं आणि त्याची कड खाली सोडली, म्हणजे धग आत कोंडून राहील. संकेश्वर गेल्यावर ते म्हणाले, "पाय आलं बघ माझं." तेव्हापासून गाडीतली ऊब ही मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

एवढं करूनही फरक पडला नाही तर एकच तपासा, एसीचा फिल्टर. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडे सरकतात. गेल्या वर्षी कडोलीची एक गाडी आली होती, 'हीटर मेला' म्हणून. फिल्टर ओढला तर त्याच्या घड्यांत ओंजळभर शेंगांची टरफलं, कापसाचे पुंजके आणि ऊसाच्या पाचटाची राख. वारा यायला वाटच नव्हती. तुमची गाडी उद्यमबागेवरूनच जाते. परतताना तिथल्या माझ्या गॅरेजात थांबा, आईंना उतरवू नका, दहा मिनिटांत बघून देतो.

प्रश्न : माझी हायब्रिड चार वर्षांची आहे. हायवेवर हीटर चांगला गरम, पण गाडी थांबली की मिनिटाभरात एकदम गार. डॅशबोर्डमागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. दोन महिन्यांमागे तवंदी घाटात पाइप गळाला होता, रस्त्यावरच्या एका गॅरेजात जोडून वरून बोअरचं पाणी भरलं. त्याचा काही संबंध? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : दादा, संबंध शंभर टक्के आहे. ती खळखळ हवेची. पाइप उघडला तेव्हा हवा आत शिरली, ती काढली नाही, आणि पाणीही कमी असणार. हवा उंच जागी जाऊन बसते आणि हीटरचा लहान रेडिएटर नेमका उंचावर. हायवेवर पाणी जोरात फिरतं तोवर निभतं, वेग उतरला की हीटरला हवाच मिळते. वरच्या ताईंच्या गाडीत आणि तुमच्यात फरक ओळखायला सोपा आहे: त्यांचा वारा हळूहळू कोमट होतो, तुमचा एकदम गार पडतो. याच्या उलट, म्हणजे हायवेवरच गार आणि थांबल्यावर बरं असं कुणाचं असेल, तर त्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत त्याला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलाय का ते बघावं.

सकाळी गार गाडीचं बॉनेट उघडा. हायब्रिडमध्ये कूलंटच्या टाक्या सहसा दोन असतात, एक इंजिनाची, एक इन्व्हर्टरची, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या यंत्राची. दोन्हींची पातळी रेघेशी आहे का बघा, आणि कुठली कुणाची ते गाडीच्या पुस्तकात बघून मगच हात घाला. गरम असताना झाकण फिरवू नका, कुकरची शिट्टी काढल्यासारखं उकळतं पाणी तोंडावर येतं. नारिंगी वायरींत मोठ्या बॅटरीची जबर वीज असते, त्यांना तर कधीच हात नाही.

बोअरचं पाणी सगळं काढून टाकायचं. बंबाच्या आत क्षाराचा पांढरा थर जमतो तो पाहिलाय ना? तोच थर त्या वहीएवढ्या रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, आणि त्या नळ्या सुतळीएवढ्या अरुंद. एकदा बुजल्या की सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पुस्तकात लिहिलेलंच कूलंट भरा. आपल्याकडे पाणी गोठायचा प्रश्न नाही, पण कूलंट गंज धरू देत नाही आणि उकळायला उशीर लावतं, त्यासाठी ते हवंच. हवा काढायचं काम मात्र घरी करू नका. या गाड्यांत कूलंट फिरवणारा पंप विजेचा असतो. स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावून तो चालवतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढतात. ज्यांच्याकडे तो स्कॅनर आहे त्यांच्याकडेच जा.

पाइप बांधून देणाऱ्याला दोष देत नाही. रात्री घाटात अडकलेल्याला त्याने घरी पोचवलं. पण दुसऱ्या दिवशीच पाणी बदलायला हवं होतं.

प्रश्न : कणकुंबीवरून चोर्ला घाटातून गोव्याला जाताना धुक्यात समोरची काच आतून पांढरी होते. हीटर लावला तर आणखी वाढते. (एक विद्यार्थिनी, टिळकवाडी)

उत्तर : बाळ, नुसता हीटर लावलास तर आतल्या दमट हवेला ऊब मिळते, ओल तशीच राहते आणि गार काचेवर जाऊन बसते. हीटरबरोबर एसीही लाव. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, हीटर ती कोरडी हवा तापवतो. हवा बाहेरची घे, वारा काचेवर सोड. पुढच्या काचेचं चित्र असलेलं बटण दाबलंस तर बहुतेक गाड्यांत हे सगळं एकदम होतं. ओल्या छत्र्या आणि पायपुसणी डिकीत टाक. घाटात हाताने काच पुसत गाडी चालवायची नाही.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं, परदेशात लोक थंडीत गाडीच्या जाळीवर पुठ्ठा लावतात, इंजिन लवकर तापतं. आपण लावावा का? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : नको. तिकडे दुपारीही बर्फ असतं. आपल्याकडे पहाटे बारा अंश असले तरी दुपारी ऊन तीसपर्यंत चढतं, आणि पुठ्ठा काढायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्या जाळीमागे इंजिनाचाच नाही, इन्व्हर्टरचा आणि एसीचाही रेडिएटर असतो, पुठ्ठ्याने त्या सगळ्यांचा वारा अडतो.

प्रश्न : आमचे आजोबा रोज सकाळी शेडमध्येच हायब्रिड गाडीत हीटर लावून पेपर वाचत बसतात. इंजिन बंदच असतं, म्हणून शटर अर्धं ओढून घेतात. चालेल ना? (एक वाचक, येळ्ळूर)

उत्तर : नाही. हे उत्तर वाचल्यावर आधी जाऊन शटर पूर्ण वर करा, मग पुढचं वाचा.

गाडी 'रेडी'मध्ये आहे म्हणजे इंजिन बंद नाही, ते थांबलेलं आहे. पाणी निवलं की हीटरसाठी ते आपणहून पेटतं, इतकं हळू की पेपरात गुंगलेल्या आणि कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाला कळतही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद शेडमध्ये साठत जातो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि आजोबांना डुलकी लागली असं घरच्यांना वाटतं. अर्धं शटर उघडं असून भागत नाही. अधूनमधून डोकं दुखतं का, हे त्यांना आजच विचारा आणि दुखत असेल तर डॉक्टरांना या शेडबद्दल नक्की सांगा.

आजोबांना गाडीत बसायला आवडतं, तर बसू देत, ती सवय मोडू नका. मागच्या सीटखाली किंवा शेजारी बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, तिच्यावर त्यांची गोधडी येत नाही एवढं बघा. उद्यापासून गाडी अंगणात, उगवतीकडे तोंड करून लावा, काच चार बोटं खाली ठेवा आणि 'रेडी'चं बटण बंद. आठ वाजेपर्यंत उन्हानेच आत पुरेशी ऊब येते.